मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचा स्पॉट वेल्डर : नोंद तिसरी

क्षणभर प्रचंड करंट सोडून दोन पत्रे ठिपक्यागणिक चिकटवणारं यंत्र, म्हणजे स्पॉट वेल्डर, करतोय. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे जास्त व्होल्टेज देणारी तारेची गुंडाळी, काढून तिथे जाड केबलचे वळसे घालायचे आहेत. ती सेकंडरी निघाली एकदाची. दोन संध्याकाळी, हॅकसॉची तीन पाती आणि एक अख्खा ट्रान्सफॉर्मर एवढ्यावर भागलं.

आधी त्या वाया गेलेल्याचं सांगतो. या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी (मेन्सला जोडायची गुंडाळी) आणि सेकंडरी कोअरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, मधल्या पायावर शेजारी-शेजारी बसवलेल्या असतात. दोघींच्या मधे फिलामेंटचे दोन-तीन वळसे आणि पत्र्यांचे दोन छोटे ठोकळे, म्हणजे शंट. सेकंडरी कोअरच्या कडेला लागून कापताना पातं घसरलं आणि प्रायमरीच्या एका वळशावर बारीक चरा पडला. नखाला जाणवेल, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढाच. वॉर्निश फासून चालवावा असा मोह झाला, नाही असं नाही. पण शेजारचे दोन वळसे आतून शॉर्ट झाले की त्या बंद वळशातून इतका करंट फिरतो की बाकीची प्रायमरीही त्याच्यासोबत भाजते. टाकून दिला. दुसऱ्या वेळी प्रायमरीवर पातळ पत्र्याची ढाल बांधली आणि मगच करवत हातात घेतली. दोन्ही बाजूंनी कापून झाल्यावर आत उरलेलं तांबं लाकडी ठोकळ्याने ठोकून काढलं. शंटही काढले. मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनला जास्त करंट जाऊ नये म्हणून ते असतात, मला नेमका तोच हवा आहे.

ओळखीचा एक जण म्हणाला, "अरे, सेकंडरी ठेवली असतीस तर काय मस्त ठिणग्या काढता आल्या असत्या!" त्याला दिलेलं उत्तर इथेही देतो. निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर साधारण 30 मिलीअँपिअरला अडतो, हा तिथे अडत नाही. सुमारे 2000 व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरच्या आसपास. सेकंडरीचं एक टोक थेट कोअरला जोडलेलं असतं, त्यामुळे उघडा कोअर म्हणजे त्या सर्किटचा अर्धा भागच. "आरसीसीबी आहे ना" (जाणारा आणि परतणारा करंट वेगळा दिसला की वीज तोडणारा स्विच) हा दिलासाही खोटा. सेकंडरी मेन्सपासून वेगळी असल्याने तिचा करंट तुमच्या छातीतून गेला तरी प्रायमरीकडे जाणारा आणि परतणारा करंट सारखाच राहतो आणि आरसीसीबी ढिम्म. लाकडावर विजेची नक्षी जाळणारे याच ट्रान्सफॉर्मरने मेले आहेत; अमेरिकेतल्या लाकूड-कातकामवाल्यांच्या संघटनेने तो प्रकार आपल्या कार्यक्रमांतून बंदच केला. करवतीने ती बाजू कापली की उरतो दोन व्होल्टचा ठोकळा. प्रायमरीवर अर्थात 230 आहेतच, म्हणून कोअर अर्थ केलाय आणि टर्मिनल झाकलेत.

ओव्हन उघडताना कपॅसिटर विसरू नका. आतला ब्लीडर रेझिस्टर त्याला रिकामा करतो खरा, पण तोच उडालेला असेल तर चार्ज तसाच राहतो. मॅग्नेट्रॉनची सिरॅमिक कडी फोडायची नाही. काहींत बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, आणि त्याची धूळ विषारी असते.

आता मोजमाप. साध्या वायरचा एक वळसा गुंडाळून मीटर लावला तर 1.04 व्होल्ट. म्हणजे प्रायमरीचे वळसे 220 च्या आसपास. रिकामा चालतानाही दोन अँपिअरच्या वर ओढतो आणि गुरगुरतो. लोखंड वाचवायला कोअर सॅच्युरेशनच्या (आणखी चुंबकत्व न मावण्याच्या) काठावर चालवलेला, आणि ओव्हनमध्ये त्याला थंड करायला पंखा असतो. इथे तो क्षणभरच चालू असणार, म्हणून तापण्याची काळजी नाही.

35 चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल, दोन वळसे. पहिल्यांदा केबल ऐसपैस 1.6 मीटर ठेवली आणि निकेलची पट्टी नुसती काळी पडत होती. दर मीटर लांबीला अर्धा मिलीओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण 1000 अँपिअरला तिथेच अर्धा व्होल्ट जातो आणि आपल्याकडे मुळात आहेत दोन! कापून 0.9 मीटरवर आणली, टोकांचे लग (जोडणीच्या धातूच्या टोप्या) नव्याने क्रिम्प केले, आणि 0.15 मिलिमीटरच्या पट्टीवर पहिला खरा ठिपका उमटला.

खरं डोकं खाल्लं ते वेळेने. मायक्रोकंट्रोलरवरून सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच), दोन सायकल म्हणजे 40 मिलिसेकंद. एक वेल्ड घट्ट, पुढचा सैल, आणि मधेच एमसीबी पडायचा. आठवडाभर मी इलेक्ट्रोड घासत बसलो. दोष रिलेचा निघाला, तो झीरो-क्रॉसिंगवाला होता, म्हणजे व्होल्टेज शून्यातून जातानाच चालू होणारा. हीटरला तो उत्तम, ट्रान्सफॉर्मरला मात्र नेमका वाईट. व्होल्टेज शून्यावर असताना चालू केलं की पहिल्या अर्ध्या सायकलीत फ्लक्स (कोअरमधलं चुंबकत्व) नेहमीच्या दुप्पट चढायला बघतो, कोअर आधीच काठावर, मग सॅच्युरेट होऊन प्रायमरी भसकन करंट ओढते. त्यात मागच्या पल्सचं चुंबकत्व कोअरमध्ये उरलेलं, त्याची दिशा कधी सोबत तर कधी विरुद्ध. म्हणून तो लहरीपणा.

आता रँडम-फायर, म्हणजे सांगू त्या क्षणी चालू होणारा, रिले आहे. झीरो-क्रॉसिंग ओळखून 5 मिलिसेकंद थांबतो आणि शिखरावर चालू करतो, अर्ध्या सायकली नेहमी सम संख्येत. एमसीबी तेव्हापासून पडलेला नाही, आणि चालू होतानाचा तो 'धाड्' आवाज आता नुसता 'टक्' येतो.

सराव अजून डब्याच्या पत्र्यावरच. काल सलग वीस ठिपके मारले आणि पक्कडीने पट्टी सोलली. सतरा ठिकाणी पट्टी फाटली आणि निकेलची टिकली पत्र्यावर चिकटून राहिली. उरलेले तीन निघून आले, तिन्ही एकाच बाजूचे. डाव्या इलेक्ट्रोडचं टोक चपटं झालंय. दोन्ही हात इलेक्ट्रोडवर असताना बटण हनुवटीने दाबतोय, तेव्हा टोक घासायच्या आधी पायाचं पेडल करायला घेतलंय.