स्लॅब टाकायच्या आधी एकदा खालून चक्कर मारा

घर बांधायला काढलं की लोक स्टील कुठलं, सिमेंट कुठलं, टाइल्स कुठल्या साइजच्या यावर महिनोन्महिने चर्चा करतात, आणि त्यात चूक काहीच नाही, कष्टाचा पैसा असतो. पण स्लॅबखाली आधाराला ज्या लाकडी बल्ल्या आणि लोखंडी जॅक उभे असतात तिकडे मालक लोक ढुंकूनही बघत नाहीत, कारण ते सामान सेंट्रिंगवाल्याचं, भाड्याचं, काही दिवसांनी उचलून नेणार. मी सातारा-कराड पट्ट्यातल्या छोट्या बंगल्यांची कामं बघतो आणि माझं ठाम मत आहे की अशा साइटवर सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो इथे, सेंट्रिंगमध्ये, म्हणजे स्लॅबला खालून दिलेल्या या तात्पुरत्या आधारात.

साधा हिशोब करून बघा. १००० स्क्वेअर फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे साडेअकरा घनमीटरच्या आसपास काँक्रीट, आणि सळईसकट एका घनमीटरचं वजन धरतात अडीच टन, म्हणजे झाले २९ टन, बीम वेगळेच. वर माणसं, हातगाड्या आणि व्हायब्रेटरची थरथर. त्या दिवशी काँक्रीट ओलं असतं, त्याच्यात स्वतःची ताकद शून्य, हा सगळा बोजा फक्त त्या निलगिरीच्या बल्ल्यांवर आणि त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिच्यावर येतो.

म्हणून नारळ फोडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, उजेड आहे तोवर, खाली जाऊन प्रत्येक बल्लीला हात लावा. हलते का बघा. बुडाशी काय आहे बघा, कारण जोत्यातला मुरूम नवीन भरलेला असतो, नीट धुम्मस केलेला नसतो, त्यात बल्ली उघडी ठेवली की भार आल्यावर खचते, तिच्याखाली रुंद फळी पाहिजे. बल्ली आखूड पडली म्हणून विटांची थप्पी लावून तिच्यावर उभी केलेली तर मला जवळपास प्रत्येक गावात दिसते. गेल्या पावसाळ्यात एका साइटवर अशीच थप्पी होती, मी नुसता पाय लावला तर वरची वीट सरकली. सेंट्रिंगवाले मामा म्हणाले, "काय होत नाय साहेब, लोड आला की आपोआप बसतं." मी म्हटलं, "मामा, ते बसतं म्हणूनच तर नको, जॅक लावा." मामांचा अनुभव मोठा आहे, हात चांगला आहे, त्यांनी अर्ध्या तासात पोरगं पाठवून जॅक आणले, वाद नाही काही नाही. सांगितलं तर लोक ऐकतात, सांगणारं कोणीतरी पाहिजे.

दोन तुकडे खिळे ठोकून जोडलेली बल्ली बीमखाली अजिबात चालवून घेऊ नका. आणि सगळ्या बल्ल्या एकमेकींना आडव्या-तिरक्या बांबूंनी किंवा पट्ट्यांनी बांधलेल्या हव्यात, हे फार महत्त्वाचं आहे कारण सेंट्रिंग बऱ्याचदा सरळ खाली दबून पडत नाही, एका बाजूला कलतं आणि मग सगळंच जातं. पोर्चची किंवा जिन्यावरची उंची जास्त असेल तिथे तर दुप्पट लक्ष द्या. रात्री पाऊस झाला तर सकाळी परत सगळं तपासा, पाचरा ठोकून घ्या, मुहूर्त तासभर पुढे गेला तरी चालतो.

प्रत्यक्ष स्लॅबच्या दिवशी एक गोष्ट मला पोटातून सांगायची आहे. मिक्सरवर येणारी गँग बहुतेक लांबून आलेली असते, नवरा-बायको दोघं कामाला, लहान लेकरू बरोबर. आणि आई बिचारी सावली बघून झोळी कुठे बांधते तर स्लॅबखालच्या बल्लीलाच, तिथेच गार असतं ना. हे दिसलं तर ओरडू नका, आधी दुसरी सावली करून द्या, शेजाऱ्याची पडवी मागा, ताडपत्री लावा, आणि मगच झोळी हलवा. काँक्रीट चालू असताना खाली कोणीही नको, जेवायला नको, पाणी प्यायला नको. सेंट्रिंगवाल्याचा एक जाणता माणूस लक्ष ठेवायला असतो, त्याने पण कडेला बाहेर पळता येईल असं उभं राहावं आणि काही वाजलं किंवा बल्ली वाकताना दिसली की सगळ्यांना थांबवायचा हक्क त्याला द्या, मालकाने तसं सगळ्यांसमोर सांगून टाकावं. लिफ्टमधून वर येऊन पडलेला माल, म्हणजे ओलं काँक्रीट, एकाच जागी ढीग करून ठेवू देऊ नका, लगेच पसरवा.

माल सैल करायला गँगवाले पाण्याचा पाइप सोडतात त्यावर पण नजर हवी. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटच्या साध्या मिक्सला ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरच्या वर पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाणी जास्त म्हणजे स्लॅब कच्चा, आणि पुढे सेंट्रिंग काढताना तेच अंगाशी येतं.

वरच्या तारा. गावात घराच्या अंगावरून लाइन गेलेली असते आणि सगळ्यांना तिची सवय झालेली असते. ११ केव्हीची लाइन घरापासून आडवी निदान १.२ मीटर आणि घराच्या वर ३.७ मीटर लांब हवी असा नियम आहे, पण हे अंतर तयार घराचं झालं. आपली सळई येते १२ मीटर लांब, ती दोर लावून उभी वर चढवताना एक टोक कुठे फिरेल सांगता येत नाही. लाइन जवळ असेल तर महावितरणच्या ऑफिसात लेखी अर्ज देऊन ती हलवून घ्या किंवा त्या दिवसापुरती बंद करून घ्या, आणि सळई खालीच कापून आडवी चढवा. मिक्सर आणि व्हायब्रेटरची वायर जोड मारलेली, चिखलातून गेलेली नको, आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, बसवाच, किती खर्च येतो त्याला?

आता सेंट्रिंग काढणं, इथे सगळ्यात जास्त घाई होते कारण स्लॅबखालच्या लोखंडी प्लेटांचं भाडं चालू असतं आणि सेंट्रिंगवाल्याला पुढची साइट असते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात दिवस दिलेत, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. पण हे ओपीसी म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आणि थंडी नसतानाचे आकडे आहेत. आपल्याकडे दुकानात मिळणारं पोतं बहुतेक पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असतं, पोत्यावर लिहिलेलं असतं बघा, ते ताकद हळू पकडतं, त्यात डिसेंबरची थंडी असली की अजून हळू. म्हणून मी स्लॅबला १४ च्या आत आणि बीमला २१ च्या आत हात लावू देत नाही, भाड्याचे चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. पाणी पण पीपीसीला निदान १० दिवस, उन्हाळ्यात १४, स्लॅबवर छोटे बांध घालून, आळी करून साठवायचं. आणि तिसऱ्या दिवशीच वर विटांचा ट्रॅक्टर रिकामा करायचा नाही, हजार विटा म्हणजे ३ टन होतात.

काढताना मधून सुरुवात करून भिंतीकडे, बीमकडे जायचं. छज्जा आणि बाल्कनीला उलटं, बाहेरच्या टोकापासून आत. छज्ज्याची मेन सळई वरच्या बाजूला असते, काँक्रीटच्या वेळी माणसं तिच्यावर पाय देऊन ती खाली दाबतात आणि मग तो छज्जा नुसता काँक्रीटचा तुकडा राहतो, टेकू काढला की माणसासकट खाली. त्यामुळे खाली खुर्च्या, म्हणजे सळई वाकवून केलेले आधार, लावून ती सळई वरच राहील हे काँक्रीटच्या दिवशी बघायचं, आणि लिंटेलवरचा, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या बीमवरचा छज्जा असेल तर त्याच्यावर भिंतीचं वजन आल्याशिवाय टेकू काढायचा नाही.

आणि शेवटचं, ज्याबद्दल लोकांना माहितीच नसते ते म्हणजे नवीन टाकीचं सेंट्रिंग काढणं. जमिनीतली पाण्याची टाकी किंवा संडासची टाकी, अजून वापरलेली पण नाही, त्यामुळे आत काय असणार असं वाटतं. पण आत पाणी साचलेलं असतं, ओल्या फळ्या कुजत असतात, झाकणाएवढं एकच भोक असतं, आणि आतला ऑक्सिजन संपलेला असतो. वास येत नाही, काही कळत नाही, उतरलेला माणूस तिथेच कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उडी मारतो, मग तिसरा. टाकीला सुरुवातीलाच दोन झाकणं ठेवा, उतरायच्या आधी दोन्ही उघडी ठेवून पाणी उपसा, ब्लोअरने बाहेरची हवा आत सोडा आणि माणूस आत असेपर्यंत तो बंद करू नका. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला आणि वर दोन माणसं तो दोर धरून. आत कोणी पडलं तर खाली उतरायचं नाही, दोराने वर ओढायचं, ब्लोअर चालू ठेवायचा आणि ११२ ला फोन करायचा.