ट्रॅफिक मॉडेल जुळवताना आधी रांगेचं शेपूट मोजा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या जंक्शनचं, समजा मानपाड्याचं, व्हिसिममध्ये (संगणकावर एकेक गाडी चालवून दाखवणारं वाहतुकीचं सॉफ्टवेअर) मॉडेल करायचं म्हटलं की बरेच जण स्टॉप लाइनवर कॅमेरा लावून गाड्या मोजतात आणि तोच आकडा मागणी म्हणून भरतात. सकाळच्या गर्दीत हे साफ चुकतं. सिग्नल तुडुंब असताना स्टॉप लाइन ओलांडणाऱ्या गाड्या म्हणजे जंक्शनची क्षमता. मागे अडकलेल्यांचा त्यात पत्ताच नसतो. मोजणी रांगेच्या शेपटामागे हवी, आणि रांग वाढत गेली तर मोजणाऱ्यानंही मागे सरकायला हवं. सोबत दर 5 मिनिटांनी रांगेची लांबी टिपावी. मेट्रोच्या खांबांमधलं अंतर एकदा मोजून ठेवलं की खांब मोजूनही काम भागतं.

85 टक्के ठिकाणी जीईएच (रस्त्यावरचा आणि मॉडेलमधला आकडा किती जुळतो ते सांगणारं माप) 5 च्या आत आला की मॉडेल पास, असा रिवाज आहे. आता हे बघा: रस्त्यावर तासाला 1200 गाड्या, मॉडेलमध्ये 1050. फरक 150, त्याचा वर्ग 22500, दुप्पट 45000, भागिले बेरीज 2250, म्हणजे 20, वर्गमूळ 4.47. पास! पण त्या 150 गाड्या, लहानमोठ्या मिळून प्रत्येकी 5 मीटर धरल्या, तर दोन लेनमध्ये 375 मीटर रांग होते. जीईएच तासाच्या आकड्यांवरच काढायचा. 15 मिनिटांचे आकडे घातले तर तो आपोआप निम्मा येतो. नेटवर्कमध्ये शिरायलाच जागा न मिळालेल्या गाड्यांची नोंद एरर फाइलमध्ये असते, ती प्रत्येक रननंतर (मॉडेल एकदा चालवणं म्हणजे एक रन) उघडून बघा.

पॅरामीटरना, म्हणजे मॉडेलमधल्या बदलता येणाऱ्या आकड्यांना, हात लावायचा तो सॅच्युरेशन फ्लोपासून (हिरवा सलग राहिला तर तासाला किती गाड्या सुटतील तो दर). 525 गुणिले मीटरमधली रुंदी या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) सूत्रानं 7 मीटरला तासाला 3675 पीसीयू (सगळी वाहनं मोटारींच्या हिशोबात मोजण्याचं एकक) येतात, पण ते फक्त अंदाजाला. हिरवा लागल्यावरचे पहिले काही सेकंद सोडून, रांग संपेपर्यंतच्या गाड्या व्हिडिओवरून मोजा. आपल्याकडे दुचाक्या फटीफटीतून पुढे येऊन स्टॉप लाइनवर जमतात. त्यामुळे लेनमध्ये कुठेही चालण्याची, दोन्ही बाजूंनी ओव्हरटेकची आणि एकाच लेनमध्ये शेजारीशेजारी उभं राहण्याची मुभा मॉडेलमध्ये दिल्याशिवाय बाकी काही जुळत नाही. ते झालं की वीडेमान 74 (पुढच्या गाडीमागे चालक कसा चालवतो याचं व्हिसिममधलं मॉडेल) मधलं उभ्या गाड्यांमधलं अंतर (मुळात 2 मीटर) कमी करायचं आणि मग सुरक्षित अंतराचे दोन गुणांक. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

थांब्यावर लेन अडवून उभी राहणारी टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस आणि कडेच्या रिक्षा मॉडेलमध्ये जशाच्या तशा उभ्या करा. त्यांचा परिणाम पॅरामीटर ओढूनताणून आणला, तर उद्या बस-बे (बस थांबायला रस्त्याकडेची वेगळी जागा) बांधल्यावर काय फरक पडेल हे मॉडेल सांगूच शकत नाही, आणि नियोजनाला नेमकं तेच हवं असतं.

वॉर्म-अपला, म्हणजे मोजणीआधी मॉडेलचे रस्ते गाड्यांनी भरायला, एका गाडीला संपूर्ण नेटवर्क पार करायला लागतो त्याच्या दुप्पट तरी वेळ द्या. वेगवेगळ्या सीडचे (गाड्या येण्याचा यादृच्छिक क्रम ठरवणारा आकडा) निदान 10 रन घ्या. सरासरीइतकाच त्यांच्यातला फरकही बघा, कारण जंक्शन क्षमतेच्या काठावर असलं की एखाद्या रनमध्ये सगळंच ठप्प होतं. शेवटची तपासणी कॅलिब्रेशनमध्ये (मॉडेल जुळवताना) न वापरलेल्या दिवसाच्या प्रवासवेळेवर करायची आणि फरक 15 टक्क्यांच्या आत हवा. मोटारी, दुचाक्या आणि बस यांचे वेळ वेगळे ताडून बघा. एकत्र सरासरीत दुचाक्यांचा वेग मोटारींचं रखडणं झाकून टाकतो.