तळघरातल्या टाकीत उरलेलं तेल

अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आमच्या वुस्टरच्या आसपास कुणी मराठी कुटुंबाने जुनं घर घेतलं, की पहिल्या थंडीच्या आत एक फोन हमखास येतो: तळघरात तेलाची टाकी आहे, ती कशी वापरायची? काही वर्षांनी तेलाऐवजी विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवायचं ठरलं, की त्याच घरातून पुन्हा फोन येतो: टाकीत अजून तेल आहे, त्याचं काय करायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेजारीपाजारीही देतात. दुसऱ्याचं नीट उत्तर मिळत नाही, आणि घाईघाईत लोक चांगलं इंधन पैसे देऊन फेकायला लावतात. ते माझ्या मनाला फार लागतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भारतातल्या वाचकांना आधी ही टाकी म्हणजे काय ते सांगायला हवं. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या आमच्या ईशान्य कोपऱ्यातली घरं पूर्वी कोळशावर तापायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोळशाची जागा तेलाने घेतली. शहरांत पुढे गॅसच्या पाइपलाइन आल्या, पण झाडीत विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत त्या सगळीकडे पोचल्या नाहीत. शेजारच्या मेन राज्यात तर निम्म्याच्या आसपास घरं अजूनही तेलावरच तापतात.

तळघराच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली लंबगोल लोखंडी टाकी साधारण २७५ गॅलनची असते, म्हणजे हजार लिटरहून थोडी जास्त. भरलेली असली तर तिचं वजन टनाच्या जवळपास जातं. घराच्या बाहेरच्या भिंतीतून दोन नळ्या डोकावत असतात. एकीतून तेल आत जातं, दुसरीतून टाकीतली हवा बाहेर येते. ट्रकवाला अंगणातून लांबलचक होज ओढत आणतो, तोंडाला जोडतो आणि कान देऊन उभा राहतो. हवा बाहेर पडताना आतली शिट्टी वाजत असते. तेल वर चढून शिट्टी बंद पडली, की टाकी भरली. गेज बघायला कुणी तळघरात उतरत नाही, सगळा भरवसा त्या शिट्टीवर. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

टाकीतून तांब्याच्या बारीक नळीने तेल फिल्टरमधून बॉयलरच्या बर्नरला जातं. तिथला पंप ते मोठ्या दाबाने एका नॉझलमधून फवारतो आणि ठिणगी पडून तो फवारा पेटतो. आपल्याकडच्या बंबासारखंच काम, फक्त लाकडाऐवजी तेल आणि न्हाणीघराऐवजी सगळं घर. नॉझलचं भोक इतकं सूक्ष्म असतं की गाळाचा कणसुद्धा त्याला पुरतो. जुन्या तेलाचा प्रश्न इथेच उभा राहतो.

आता उरलेल्या तेलाकडे येऊ. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ते उरूच न देणं. हीट पंप साधारणपणे ठरवून बसवला जातो, एका रात्रीत कुणी बसवत नाही. कंत्राटदाराशी बोलणी सुरू झाली, की त्याच आठवड्यात तेलवाल्याला फोन करा आणि आपोआप येणारी डिलिव्हरी थांबवा. इथले तेलवाले रोजच्या तापमानाचा हिशेब ठेवतात आणि तुमच्या घरात किती तेल जळलं असेल त्याचा अंदाज बांधून न सांगता ट्रक पाठवतात. एरवी ही मोठी सोय. पण हीट पंपची तारीख पुढच्या महिन्यात असताना कुणी घरी नसेल आणि ट्रक येऊन दीडशे गॅलन ओतून गेला, तर ते तेल पुन्हा बाहेर काढायला तुम्हालाच पैसे मोजावे लागतात. ‘आम्ही फोन केला तरच या’ हे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. मग मार्च-एप्रिलपर्यंत टाकी हळूहळू खाली येऊ द्या. बॉयलरवर अंघोळीचं पाणीही तापत असेल, तर उन्हाळ्यातही थोडंथोडं तेल जळत राहतं. मात्र अगदी तळाला जाईपर्यंत ताणू नका. शेवटच्या दोन-तीन इंचांत गाळ आणि पाणी असतं. ते ओढलं गेलं, तर ऐन थंडीत बर्नर बंद पडतो.

घर विकत घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. इथे व्यवहाराच्या दिवशी टाकीत असलेलं तेल मोजून त्या दिवसाच्या भावाने त्याचे पैसे विकणाऱ्याला देण्याची पद्धत आहे. गेल्या वर्षी एका नव्या जोडप्याने मला विचारलं, “ताई, आम्ही तर लगेच हीट पंप बसवणार आहोत, मग त्या तेलाचे पैसे का द्यायचे?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तुमच्या वकिलाला सांगून ही गोष्ट आधीच बोलून घ्या. विकणाऱ्याला ते तेल स्वतः जाळून संपवता येईल, किंवा किमतीत तडजोड करता येईल. सह्या झाल्यावर मात्र ते तेल तुमचं आणि त्याची जबाबदारीही तुमची.

समजा, सगळं करूनही टाकी अर्धी भरलेली राहिली. आमच्या घरी तसंच झालं होतं. हीट पंप लागला आणि टाकीत शंभरेक गॅलन तेल उरलं. तेलवाल्यांनी ते परत घ्यायला नकार दिला. बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं आणि त्यामागे कारण आहे: कुणाच्या टाकीत किती वर्षं काय साचलंय हे त्यांना माहीत नसतं, आणि ते तेल त्यांच्या ट्रकमधल्या चांगल्या तेलात मिसळलं तर पुढच्या दहा घरांचे बर्नर बिघडू शकतात. टाकी काढणारा कंत्राटदार म्हणाला, तेलासकट सगळं नेतो, तेलाचे वेगळे पैसे पडतील. म्हणजे गॅलनला साडेतीन-चार डॉलर मोजून घेतलेलं इंधन, आणि ते न्यायला आपणच वर पैसे द्यायचे.

त्याआधी तेलाची प्रकृती बघून घ्यावी, असं मी ठरवलं. राज्याचा परवाना असलेला एक बर्नर तंत्रज्ञ ओळखीचा होता, त्याला बोलावलं. त्याने एका लांब काठीच्या टोकाला एक लेप लावला आणि ती टाकीच्या तोंडातून तळापर्यंत सोडली. लेपाला पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. आमच्या काठीवर रंग बदलल्याची रेघ टोकाला जेमतेम बोटाच्या नखाएवढी होती. मग त्याने मधल्या थरातून काचेच्या बरणीत नमुना काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. डाळिंबाच्या रसासारखं लाल, आणि आरपार दिसणारं. तो म्हणाला, हे उत्तम आहे. खराब झालेलं तेल गढूळ, तपकिरी दिसतं, वर कुबट वास येतो. टाकीच्या रिकाम्या भागातल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते, पाणी होऊन तळाशी बसते, आणि तेल-पाण्याच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून चिकट गाळ धरतो. नुसतं पडून राहिलेलं तेल साधारण दीड-दोन वर्षं चांगलं राहतं. त्यानंतर ते टाकाऊच होतं असं नाही, पण तपासल्याशिवाय वापरू नये.

म्हणूनच ज्यांनी हीट पंप बसवूनही कडाक्याच्या थंडीसाठी जुना बॉयलर ठेवला आहे, त्यांनी टाकी अर्धी रिकामी ठेवून विसरून जाऊ नये. ती बरीचशी भरलेली ठेवा, म्हणजे आत ओलावा धरायला जागा कमी राहते, आणि दर हिवाळ्यात काही दिवस बॉयलर चालवा.

आमचं तेल चांगलं निघालं. ते कुणाच्या कामी येईल? इथे मला आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर बाईंची आठवण झाली. एकट्या राहतात, घर तेलावर. इथे तेल मागवायचं तर बहुतेक कंपन्या शंभर गॅलनपेक्षा कमी देत नाहीत, म्हणजे एका फटक्यात काही शे डॉलर. महिन्याच्या पेन्शनमधून तेवढे काढणं सोपं नाही. २०२२ मध्ये भाव गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा पेट्रोल पंपावरून पाच गॅलन डिझेलचा कॅन आणून टाकीत ओतणारी आणि कशीबशी दोन रात्री काढणारी माणसं मी पाहिली आहेत. गरजूंसाठी केंद्र सरकारची लाइहीप ही इंधन-मदत योजना आहे, आणि ती खूप जणांना तारते. पण उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर असलेली माणसं तिच्यात बसत नाहीत. अशा घरासाठी शंभर गॅलन म्हणजे जानेवारीचे तीन-चार आठवडे.

मी त्यांच्याकडे गेले, विचारलं. आधी त्या संकोचल्या, पैसे देते म्हणाल्या. मी म्हटलं, मला हे काढायलाच पैसे पडणार होते, तुम्ही घेतलंत तर माझं काम होतंय. ते खरंच होतं. मग त्याच तंत्रज्ञाने दोन्ही टाक्या बघितल्या, पंप आणि फिल्टर लावून वरचं स्वच्छ तेल ड्रममध्ये काढलं आणि त्यांच्या टाकीत भरलं. तळाचा गाळ आमच्याच टाकीत राहिला. दिवसभराची त्याची मजुरी आम्ही दिली.

हे काम बादल्यांनी, मित्रांना बोलावून करू नका, हे कळकळीने सांगते. आणि घेणाऱ्याची टाकी अंगणात, उघड्यावर असेल तर हिवाळ्यात तळघरातलं तेल तसंच देऊ नका. थंडीत ते मेणासारखं घट्ट व्हायला लागतं. उघड्यावरच्या टाकीत त्यासाठी केरोसीन किंवा दोन्हींचं मिश्रण घालतात.

‘आपल्या डिझेल गाडीत घालू का?’ हेही मला विचारलं गेलंय. नाही. तेल डिझेलच्या जवळचं असलं तरी त्यावर रस्त्याचा कर भरलेला नसतो, आणि ते ओळखू यावं म्हणूनच त्यात लाल रंग घालतात. रस्त्यावरच्या गाडीच्या टाकीत तो रंग सापडला, तर दंड किमान एक हजार डॉलर. आपल्याकडे रेशनच्या रॉकेलला निळा रंग याच कारणाने देतात, आणि त्यातल्या भेसळीच्या धंद्याने काय केलं हे आपण विसरलेलो नाही. २०११ च्या जानेवारीत मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना जिवंत जाळलं गेलं. इंधनातला रंग ही किरकोळ सरकारी गोष्ट आहे, असं मला तेव्हापासून कधीच वाटत नाही.

केरोसीनच्या सुट्या हीटरमध्येही हे तेल घालू नका. काजळी धरते आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड जमू शकतो. अंगणातला पालापाचोळा पेटवायला वापरणं, नाल्यात, सिंकमध्ये किंवा झाडांमागे ओतणं, हे तर मनातही आणू नये. आमच्या भागात कितीतरी घरांचं पिण्याचं पाणी स्वतःच्या विहिरीतून येतं. मातीत मुरलेलं तेल तिथपर्यंत पोचलं, तर तुमचीच नाही, शेजाऱ्याचीही विहीर जाते. मॅसॅच्युसेट्समध्ये दहा गॅलन किंवा त्याहून जास्त तेल सांडलं, तर दोन तासांच्या आत राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावं लागतं. सफाईचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो आणि घराच्या साध्या विम्यात तो बऱ्याचदा धरलेला नसतो. विम्याची कागदपत्रं आजच काढून बघा.

डबाभर तेल उरलं असेल, तर गावाच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात नेता येतं. किती घेतात ते आधी टाउन हॉलला फोन करून विचारा. गाळ आणि गढूळ तेल मात्र परवानाधारक कंपनीच्याच हवाली करायचं. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

शेवटी टाकी. ती काढायला गावाच्या अग्निशमन दलाचा परवाना लागतो. कंत्राटदार ती रिकामी करतो, आतून पुसून घेतो, कापतो आणि भंगारात देतो. आणि इथे त्या बाहेरच्या नळ्यांचं काम येतं. टाकी गेली, पण भिंतीतलं तेल भरायचं तोंड तसंच राहिलं, आणि पत्ता चुकलेला ट्रकवाला होज जोडून गेला, तर सगळं तेल थेट तळघराच्या जमिनीवर. इथे हे घडलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. टाकी ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी दोन्ही नळ्या निघाल्या पाहिजेत आणि भिंतीतली भोकं बुजली पाहिजेत. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये ते लिहिलंय का बघा, नसेल तर लिहून घ्या. काम झाल्यावर परवान्याची प्रत, टाकी भंगारात दिल्याची पावती आणि बुजवलेल्या भिंतीचा फोटो घराच्या कागदपत्रांत ठेवा आणि विमा कंपनीला कळवा. तेलवाल्याकडचं जुनं खातंही बंद करा, तिथे तुमचे आगाऊ भरलेले पैसे शिल्लक असतील तर ते मागून घ्या.