बीन तर दिसतंय, मग सापडत का नाही?

‘बीन डिप्लॉय झालंय, लॉगमध्ये नाव दिसतंय, तरी लूकअप केला की नेमनॉटफाउंडएक्सेप्शन येतं. असं का?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता नीट लिहूनच टाकतो. बीन म्हणजे ईजेबी (एंटरप्राइज जावाबीन्स), जावाच्या सर्व्हरमध्ये चालणारा कामाचा क्लास. लूकअप म्हणजे नाव सांगून तो सर्व्हरकडे मागणं, आणि हे एक्सेप्शन म्हणजे ‘असं नाव सापडलं नाही’ ही तक्रार. बहुतेक जण सोबत बीनचा कोड पाठवतात. मी म्हणतो, तो राहू द्या. लूकअप कुठून करताय ते दाखवा.

लोकल इंटरफेस, म्हणजे एकाच जेव्हीएममधून (जावाचा कोड चालवणारा प्रोग्राम) बीनला बोलवायची वाट, ईजेबी २.० सोबत आला, २००१ मध्ये. एकाच जेव्हीएममधल्या दोन बीन्सनीही ऑब्जेक्टच्या नकला काढून एकमेकांना पाठवायच्या, हा खर्च त्याने वाचवला. नावांचा गोंधळ मात्र तेव्हापासून आजवर तोच आहे. लूकअप जिथे नाव शोधतो ती जावा:कॉम्प/एन्व्ह ही जागा सगळ्यांची सामाईक आहे, असं आपण धरून चालतो. ती तशी नाही. ईअरमध्ये (अख्ख्या ॲप्लिकेशनचं गाठोडं) प्रत्येक ईजेबीची ती वेगळी असते आणि वॉरची (त्यातल्या वेब भागाचं गाठोडं) त्याहून वेगळी. जावा:कॉम्प/एन्व्ह/ईजेबी/हिशेब यातलं ‘ईजेबी/हिशेब’ हे बीनचं नाव नव्हेच. बीनला ज्याने बोलवायचं, त्याने आपल्या वहीत लिहून ठेवलेलं ते नाव आहे. वही म्हणजे त्याचा डिस्क्रिप्टर, सर्व्हरला माहिती देणारी फाइल: वॉरसाठी वेब.एक्सएमएल, बीन्ससाठी ईजेबी-जार.एक्सएमएल. तिथे ईजेबी-लोकल-रेफ हा टॅग लागतो. ईजेबी-रेफ-नेममध्ये आपण ठेवलेलं नाव, लोकलमध्ये इंटरफेस, ईजेबी-लिंकमध्ये खरं बीन. ही नोंद नसेल तर बीन कितीही धडधाकट असो, त्या नावाने ते सापडणार नाही.

मला हे एका हेल्पर क्लासने शिकवलं. साधा क्लास, त्यात एकच लूकअप. सेशन बीनमधून बोलावला की बिनबोभाट चालायचा, सर्व्हलेटमधून (वेबवरची विनंती हाताळणारा, वॉरमधला क्लास) बोलावला की एक्सेप्शन. दोन दिवस मी तो क्लास ओळ न् ओळ वाचत होतो आणि त्यात एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. हेल्परला स्वतःची वही नसते. ज्याने त्याला बोलावलं त्याचीच तो उघडतो. नोंद ईजेबी-जार.एक्सएमएलमध्ये होती, वेब.एक्सएमएलमध्ये नव्हती. चार-पाच ओळी घातल्या आणि काम झालं. आपणच नवा थ्रेड (समांतर चालणारं काम) सुरू करून त्यात असा लूकअप केला तरी तो फसतो, कारण तिथे कोणाचीच वही हाताशी नसते.

२००६ मध्ये ईजेबी ३.० आलं आणि फील्डवर @ईजेबी ही खूण लिहिली की नोंद आणि जोडणी दोन्ही होऊ लागली. पण ‘न्यू’ करून आपण बनवलेल्या ऑब्जेक्टकडे कंटेनर (बीन्स सांभाळणारा सर्व्हरचा भाग) ढुंकूनही बघत नाही, तिथलं फील्ड नल, म्हणजे रिकामंच राहतं. हेल्पर ठेवायचाच असेल तर सर्व्हलेटच्या क्लासवर @ईजेबी लिहा, त्यात नाव आणि इंटरफेस द्या. मग हेल्परचा लूकअप चालतो.

ईजेबी ३.१ ने, २००९ मध्ये, सगळ्या सर्व्हरांना सारखी नावं ठरवून दिली: जावा:ग्लोबल, जावा:ॲप, जावा:मॉड्यूल. त्याआधी लोकल बीनचं नाव ज्याच्या त्याच्या सर्व्हरच्या मर्जीवर होतं. मी स्वतः जावा:ॲप वापरतो, त्यापुढे मॉड्यूल (बीन ज्या जारमध्ये, म्हणजे क्लासच्या गाठोड्यात आहे ते) आणि बीनचं नाव. बीनला एकाहून जास्त इंटरफेस असतील तर शेवटी उद्गारचिन्ह आणि पॅकेजसकट इंटरफेस लिहायचा. एक मात्र कळकळीने सांगतो, मॉड्यूलचं नाव डिस्क्रिप्टरमध्ये स्वतः द्या. नाहीतर ते जारच्या फाइलनावावरून येतं, आणि फाइलनावात आवृत्तीचा आकडा असला की दर रिलीजला लूकअप मोडतो.

आता बीन सापडलं, पण कास्ट करताना, म्हणजे ते आपल्या इंटरफेसचं म्हणून घेताना, क्लासकास्टएक्सेप्शन आलं, तर आधी वॉरमधलं वेब-इन्फ/लिब उघडून बघा. इंटरफेसच्या जारची दुसरी प्रत तिथे पडलेली असू शकते. एकच इंटरफेस दोन क्लासलोडरांनी (क्लास मेमरीत आणणारे) लोड केला तर जेव्हीएमच्या लेखी ते दोन निराळे इंटरफेस असतात. वॉरमधली प्रत काढा, ईअरच्या लिबमध्ये एकच ठेवा.