लोखंडाच्या तालुक्यात पिवळी पानं

बुटका एक्झोरा लावून दिला की गिऱ्हाईकाचा सहसा पुन्हा फोन येत नाही. दोन-अडीच फुटांत गच्च भरतो, छाटणीचा फारसा ताप नाही. मूळ झुडूप आपल्या दक्षिणेकडचंच, त्यामुळे गोव्याची आम्लधर्मी जांभी माती म्हणजे त्याचं माहेर. म्हणून डिचोलीचे मास्तर फोनवर "सगळी रांग पिवळी झाली रे" म्हणाले, तेव्हा पाणी साचलं असेल असंच मला वाटलं.

पाणी नव्हतंच. नव्या कुंपणभिंतीलगतची रांग तेवढी पिवळी. त्याच दिवशी लावलेली तीच रोपं तुळशीवृंदावनापाशी लालभडक फुललेली! शेंड्याचं एक पान तोडून उन्हात धरलं. पिवळंधमक, पण शिरा हिरव्यागार. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. नत्र कमी असतं तर उलट झालं असतं. झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह तसं हलवता येत नाही, मग उपाशी राहते ती नवी पालवी. मास्तरांचा नत्रासाठी युरिया टाकून झाला होता. युरिया हे आपल्याकडे सगळ्यांचंच पहिलं औषध.

"लोह कमी?" मास्तर हसायलाच लागले. "अरे, या तालुक्यातून बार्जी भरभरून लोखंड गेलं!"

मी कुदळ मारली. वीतभर लाल मातीखाली गिलाव्याचे तुकडे, सिमेंटच्या खपल्या, फाटकी गोणी. कंत्राटदाराने राडारोडा तिथेच गाडून वर माती पसरली होती. वहिनींकडून माडाचं व्हिनेगर मागून घेतलं. बशीतल्या चिमूटभर मातीवर ओतताच फसफसून फेस आला, म्हणजे सिमेंट-गिलाव्याचा चुना मातीत उतरलेला. वृंदावनाजवळची माती ढिम्म. चुन्याने माती अल्कधर्मी झाली की आतलं लोह असूनही मुळांना लागत नाही.

"हिराकस घालू का?"

"घाला, त्यात लोह आहेच, पण या मातीत तेही अडकून बसणार. आधी हा कचरा उपसायला हवा."

चर खणून जांभी माती आणि शेणखत भरायचं, रांग भिंतीपासून तीन फूट पुढे घ्यायची आणि पालवी सावरेपर्यंत ईडीडीएचए चिलेट, म्हणजे चुनखडीच्या मातीतही मुळांना लागणारं लोह, पाण्यातून द्यायचं, असं ठरलं. भिंतीकडेला मी कण्हेर सुचवली, तिला चुन्याचं वावडं नाही. वहिनींनी साफ नकार दिला: नातवंडं सगळं तोंडात घालतात. मास्तर तोवर कंत्राटदाराला फोन लावत होते.