कोलन वॉटरचं गाव

फोनवर आजीला गावाचं नाव काही केल्या कळेना. मी तीनदा म्हटलं, "आजी, क्योल्न. जर्मनीत. ऱ्हाईन नदीच्या काठी." ती आपली दर वेळी "कुठलं गं?" म्हणून विचारायची. शेवटी म्हटलं, "इंग्रजीत कोलोन म्हणतात त्याला." पलीकडे क्षणभर शांतता.

"कोलन? आपल्या कोलन वॉटरचं कोलन? अगं, ते गाव आहे होय!"

आजीच्या साताऱ्याच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक फडताळ होतं. त्यात कापूर, अमृतांजन, ओव्याची पुरचुंडी आणि कोलन वॉटरची चपटी बाटली. आम्हा भावंडांपैकी कुणाला ताप आला की ती बाटली बाहेर निघायची. वाटीत गार पाणी, त्यात टोपणभर कोलन वॉटर, आणि जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्याची घडी भिजवून कपाळावर. घडी गरम झाली की उलटायची, मग पुन्हा भिजवायची. लिंबाच्या सालीसारखा तो वास आणि आजीचा खरखरीत हात, माझ्या लहानपणच्या प्रत्येक आजारपणात ही जोडी आहे. (त्यातलं अल्कोहोल उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटतं. हल्ली लहान मुलांना असं काही लावू नका असं डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकायलाच हवं.) पण त्या बाटलीवरचा शब्द हे एका गावाचं नाव आहे, तिथे माणसं राहतात, ट्राम धावतात, असा विचार आमच्यापैकी कुणाच्याही मनात कधी आला नव्हता. अमृतांजन तसं कोलन वॉटर.

आता त्या गावात राहून आम्हाला काही वर्षं झाली. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी त्या पाण्याचं घर शोधायला निघाले. जगप्रसिद्ध कॅथेड्रल नंतर पाहिलं. 157 मीटर उंचीचं ते देऊळ बांधायला 1248 मध्ये घेतलं आणि 1880 मध्ये पुरं केलं, तेव्हा आणखी दोन आठवड्यांनी काही बिघडत नव्हतं.

तर हे पाणी शोधून काढणारा माणूस मुळात या गावचा नव्हताच, जर्मनही नव्हता. योहान मारिया फारिना हा उत्तर इटलीतल्या डोंगराळ भागातून आलेला. त्याच्या भावाने 1709 मध्ये इथे दुकान काढलं. त्यात रेशमी मोजे, लेस असला उंची माल असायचा. पुढे योहान मारिया त्यात आला आणि दुकान ओळखलं जाऊ लागलं ते त्याच्या सुगंधामुळे. तोवर अत्तरं म्हणजे कस्तुरीसारखी जड, डोकं धरायला लावणारी. याने शुद्ध अल्कोहोलमध्ये बर्गमॉट, लिंबू, संत्रं अशा फळांची तेलं मिसळून हलका, ताजा वास तयार केला. भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की या वासाने मला इटलीतल्या वसंताची सकाळ आठवते, पाऊस पडून गेल्यानंतरची संत्र्याची फुलं आठवतात. परमुलखात येऊन राहिलेला माणूस आपल्या गावची सकाळ बाटलीत भरतो आणि बाटलीला नाव मात्र देतो आसरा देणाऱ्या शहराचं! हे कळलं तेव्हा मी फारिनाच्या संग्रहालयाच्या तळघरात जरा वेळ तशीच उभी राहिले. माझ्याही फोडणीच्या डब्यात काळा मसाला आहे, पण त्याला मी या शहराचं नाव अजून देऊ शकलेले नाही.

त्या काळात युरोपातल्या बड्या लोकांची भाषा फ्रेंच, म्हणून नावही फ्रेंच पडलं, 'ओ द कोलोन', म्हणजे कोलोनचं पाणी. आपल्याकडे त्याचंच 'यूडीकलोन' झालं, आणि घराघरात कोलन वॉटर. नेपोलियन हे पाणी भरपूर वापरायचा. मागणी एवढी वाढली की शहरात जो तो 'फारिना' होऊ लागला. कायदा असा की दुकानाला फारिना नाव लावायचं तर फारिना आडनावाचा माणूस हवा. मग लोकांनी खरोखरच त्या आडनावाची माणसं गाठून नावापुरती भागीदारी केली. विल्हेल्म म्युलहेन्स याने 1803 मध्ये अशाच एका फारिनाकडून नाव विकत घेतलं. कोर्टकज्जे चालत राहिले आणि 1881 मध्ये त्याच्या नातवाला ते नाव सोडावं लागलं. मग त्याने आपल्या घराचा क्रमांकच पुढे केला : 4711. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच सैन्य आलं, त्या धामधुमीत शहरातल्या घरांना सलग आकडे दिले गेले होते आणि ग्लोकेनगासे या गल्लीतल्या त्यांच्या घराच्या वाट्याला हा आला. निळ्या-सोनेरी लेबलावर आजही तोच आहे. त्या दुकानात कोलन वॉटरचं छोटं कारंजं आहे. येणारे-जाणारे त्याखाली बोटं धरतात. मी धरली आणि थेट साताऱ्याला पोचले.

हे नाव पुढे या शहराच्या हातून निसटलंच. 'अस्सल कोलोनचं पाणी' असं जर्मनमध्ये लिहायचं तर माल इथलाच लागतो, पण 'ओ द कोलोन' कुणीही, कुठेही बनवावं. अमेरिकेत तर पुरुषांच्या कुठल्याही अत्तराला सर्रास कलोन म्हणतात.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं या शहराने आपल्या बिअरच्या बाबतीत केलं असावं, असं मला वाटतं. इथली बिअर 'क्योल्श'. 1986 मध्ये 24 बिअर उत्पादकांनी एकत्र येऊन करार केला की क्योल्श कशाला म्हणायचं आणि ती कुठे बनवायची. आता युरोपीय कायद्याचंही तिला संरक्षण आहे. आपल्या कोल्हापुरी चपलांना जीआय मानांकन मिळालं, तशाच जातीची ही गोष्ट. (कोल्हापूरला न गेलेल्या माणसांनी केलेली 'व्हेज कोल्हापुरी' मी इथल्या हॉटेलांतही पाहिली आहे. कोल्हापूरकरांनी यावर खरंच काहीतरी करायला हवं.) क्योल्श हे इथल्या बोलीचंही नाव. जी पिता येते अशी जगातली एकच भाषा आमची, असं इथले लोक छाती फुगवून सांगतात. त्या बोलीत शहराचं नाव आहे 'क्योले'. कार्निव्हलच्या दिवसांत 'क्योले अलाफ!' ही आरोळी ऐकली की मला गणपतीच्या मिरवणुकीची आठवण येते आणि घसा दाटतो.

शहराचं नाव लावणाऱ्या आणखी बऱ्याच गोष्टी आहेत. 'क्योल्शर काविआर' ऐकून कुणी महागडी माशाची अंडी समजेल, तर ताटात येते रक्ताची सॉसेज आणि कांदा. गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून रस्त्यावर बसवलेल्या गोल उंचवट्यांना जर्मनीभर 'कोलोनच्या थाळ्या' म्हणतात. पण माझी सगळ्यात लाडकी म्हणजे 'कोलोन ध्वनिपद्धत'. हान्स योआखिम पोस्टेल यांनी ती 1969 मध्ये मांडली. नाव कसंही लिहा, उच्चार सारखा असेल तर त्याचा आकडा एकच निघतो, म्हणजे कागदपत्रांत चुकीच्या स्पेलिंगने हरवलेला माणूस सापडतो. स्वर गाळायचे आणि व्यंजनांना अंक द्यायचे. माझं कुलकर्णी आडनाव इथे येताक्षणी वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळं लिहिलं गेलं. कुणी 'के'ने सुरू केलं, कुणी 'सी'ने, कुणी शेवटी 'वाय' लावला. एका कार्यालयात तर माझी दोन माणसं झाली आणि निस्तरायला चार महिने गेले. एका रात्री वही घेऊन बसले आणि नियम लावून पाहिले. तिन्ही स्पेलिंगांचं उत्तर आलं 45476. एवढं बरं वाटलं! चारशे दारं ठोठावल्यावर कुणीतरी आतून ओळखावं तसं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक तुर्की बाई राहतात. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून जर्मनीत कामगार आले, त्यातले पुष्कळ इथल्या मोटारींच्या कारखान्यात लागले. त्यांचे यजमानही त्यांतलेच. सगळे त्यांना 'तेझे' म्हणतात. तुर्कीत तेझे म्हणजे मावशी, हे समजल्यापासून मला वेगळं काही म्हणावंच लागलं नाही. ईदला त्यांच्याकडे गेलो, तर चपला काढून बसतो न बसतो तोच त्यांनी आमच्या ओंजळीत बाटलीतून थोडं पाणी ओतलं आणि हात चोळायची खूण केली. लिंबाचा वास. मी विचारलं, हे काय? "कोलोन्या," त्या म्हणाल्या. पाहुण्याचं स्वागत तुर्कस्तानात असंच होतं. पूर्वी तिथे गुलाबपाणी देत, एकोणिसाव्या शतकात युरोपातून हे पाणी आलं आणि त्याने गुलाबपाण्याची जागा घेतली. आपल्या लग्नात दारात गुलाबदाणी घेऊन उभ्या असलेल्या करवल्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. म्हणजे या शहराचं नाव इस्तंबूलला गेलं, तिथल्या पाहुणचारात मुरलं आणि तेझेंच्या सामानातून पुन्हा याच शहरात परत आलं. आजी आमच्या कपाळावर ठेवायची त्या घडीची गोष्ट मी त्यांना सांगितली. "आमची आईसुद्धा तापात हेच करायची," म्हणाल्या, आणि उठून आणखी थोडं ओतलं.

आता खुद्द शहराचं नाव. सम्राट क्लॉडियसची राणी अग्रिपिना हिचा जन्म इथला. तिच्या आग्रहावरून इसवी सन 50 मध्ये रोमनांनी या वस्तीला मोठा दर्जा दिला : कोलोनिया क्लाउडिया आरा अग्रिपिनेन्सियम. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? राणी गळाली, राजा गळाला, उरलं नुसतं 'कोलोनिया', आणि त्याचंच झालं क्योल्न. कोलोनिया म्हणजे लॅटिनमध्ये वसाहत, आणि त्याच्या मुळाशी आहे जमीन कसणं. इंग्रजीतला 'कॉलनी' हा शब्दही त्यातलाच. म्हणजे दादरच्या हिंदू कॉलनीत राहणारी माझी आत्या आणि ऱ्हाईनकाठी राहणारी मी, आम्हा दोघींच्या पत्त्यात एकच शब्द आहे! आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू परदेशात कुठे गेलीस, कॉलनी बदललीस." त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली.

यंदाच्या मे महिन्यात साताऱ्याला गेलो, तेव्हा आजीसाठी निळ्या-सोनेरी लेबलाची बाटली नेली. तिने चष्मा लावून लेबलावरचा आकडा वाचला, मग टोपण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. फडताळातून कापडाचा तुकडा काढला, वाटीत पाणी मागितलं आणि माझ्या मुलीला मांडीवर डोकं ठेवायला लावलं.

"पणजी, मला ताप नाहीये," लेक म्हणाली.

"असू दे गं," आजी म्हणाली आणि घडी पिळायला लागली.