क्लोव्हर चरणारं अस्वल

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, प्रिन्स जॉर्ज शहराच्या उत्तरेला, मी शिकारी गाईडचा मदतनीस आहे. परदेशी पाहुण्याला इथे गाईडशिवाय अस्वलाची शिकार करता येत नाही. त्यामुळे वसंतात अस्वल शोधून देणं आमच्याकडे येतं.

शोधायचं तिथे, जिथे पहिलं हिरवं उगवतं. शीतनिद्रेतून उठलेलं काळं अस्वल कित्येक आठवडे गुरासारखं चरतं: गवत, डँडेलियनची रानफुलं, क्लोव्हर नावाचा चाऱ्याचा पाला. दक्षिणेकडच्या उतारांवर बर्फ आधी वितळतो. लाकूडतोडीच्या बंद पडलेल्या रस्त्यांवर माती धरून राहावी म्हणून क्लोव्हर पेरतात, तेही त्यांचं आवडतं कुरण. समोरच्या टेकाडावर वारा तोंडावर घेऊन बसायचं आणि दुर्बिणीने ते पट्टे पिंजून काढायचे.

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी अशाच रस्त्यावर एक तपकिरी अस्वल दिसलं. आधी खांदा पाहिला. तिथे उंचवटा असता तर ते ग्रिझली, म्हणजे अस्वलाची वेगळी जात, आणि ग्रिझलीची परवान्यावरची शिकार 2017च्या डिसेंबरपासून बंद आहे. उंचवटा नव्हता, काळ्या अस्वलांत तपकिरी रंगही असतो.

"एकटंच आहे, जाऊ या," पाहुणा म्हणाला.

मला त्याचे कान खटकत होते. मोठ्या नराचं डोकं इतकं रुंद होतं की कान बारीक आणि दूरदूर दिसतात. याचे उभे, ठसठशीत होते. मी थांबायला सांगितलं. दोन वर्षांखालचं पिल्लू आणि त्याच्यासोबतचं कुठलंही अस्वल मारायला कायद्याने बंदी आहे. आपल्या मेळघाटातली मादी पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, ती लगेच ओळखू येते. इथली मात्र पिल्लांना झाडावर चढवते आणि खुशाल एकटी चरते.

पाऊण तास गेला. उजेड कमी होत होता, पाहुण्याची चुळबुळ वाढली होती. त्याने या दौऱ्यासाठी बरेच पैसे मोजले होते, त्याची घालमेल मला कळत होती. तेवढ्यात कडेच्या स्प्रूसच्या खोडावर हालचाल झाली. दोन पिल्लं पाठमोरी, साल पकडत खाली उतरली आणि आईच्या पोटाखाली शिरली. जानेवारीत जन्मली तेव्हा ती अर्धा किलोचीही नसतील. आई गेली असती तर त्यांची जगण्याची आशा फार थोडी होती.

पाहुण्याने बंदुकीतलं काडतूस काढलं. "पिल्लं उतरलीच नसती तर?"

"तरी नाही. नर आहे याची माझी खात्री पटली नव्हती."

एकट्या मादीला मारायला कायदा मना करत नाही, मी करतो. मे सरताना नर माद्यांच्या शोधात भटकू लागतात, तेव्हा त्यांना गाठायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पलीकडच्या खोऱ्यात बसलो.